पाठ १४ : आधी प्रवासी, मग बोनेट

स्तर ४ : वाचा, समजून घ्या, आपल्या शब्दांत सांगा

वाचण्यापूर्वी बोलू या

१. तुमच्या घरातली सर्वांत जुनी, पण अजून चालणारी वस्तू कोणती?
२. एखादी वस्तू बिघडली की तुमच्या घरी ती दुरुस्त करतात की नवी आणतात?
३. तुमच्या घरातले जुने फोटो आणि आवाज कुठे ठेवले आहेत? ते आणखी कुठे आहेत का?

नवे शब्द

बिघाड – वस्तूत झालेला दोष
नोंद – लिहून ठेवलेली माहिती
लक्षण – आजाराची किंवा बिघाडाची खूण
प्रत – एखाद्या गोष्टीची हुबेहूब दुसरी वस्तू
चढ – वर जाणारा रस्ता (उलट : उतार)
घाट – डोंगरातून जाणारा वळणावळणाचा रस्ता
धूळ – बारीक, कोरडी माती
खाच – वस्तू बसवण्यासाठी केलेली अरुंद जागा
खोडरबर – पेन्सिलचं लिहिलेलं पुसायचं रबर
भाजणी – धान्यं आणि डाळी भाजून दळलेलं पीठ
मूठ – बोटं मिटलेला हात. त्यात मावेल तेवढं

मित्रांनो, या पाठातली गोष्ट प्लेनोमधली एक मुलगी सांगते आहे. ती बोलते तशीच मराठी इथे लिहिली आहे. चौकटींमधली माहिती मात्र लेखी मराठीत आहे. वाचताना दोन्हींतला फरक शोधा.

भाग १ : वरच्या मजल्यावरचा संगणक

आमचं घर प्लेनोला आहे. प्लेनो म्हणजे टेक्ससमधलं, डॅलसच्या उत्तरेचं शहर. आमच्या वरच्या मजल्यावर एक जुना संगणक आहे. काळा, जड, टेबलाखाली ठेवलेला. तो माझ्याहून मोठा आहे. मी आता सातवीत जाणार, आणि बाबांनी तो माझ्या जन्माच्या आधी घेतला होता.

या जून महिन्यात तो सारखा बंद पडायला लागला. कधी एकदम काळोख. कधी निळी स्क्रीन आणि त्यावर रडका चेहरा. कधी तारीखच चुकलेली. शिवाय आतून "टक... टक..." असा आवाज यायचा.

"फेकून देऊ या," दादा म्हणाला.

"नवा घेऊ," बाबा म्हणाले. "नाहीतरी याच्यावर विंडोज अकरा चालत नाही."

मी काही बोलले नाही. पण माझ्या पोटात गोळा आला. कारण त्या संगणकात आजी होती.

म्हणजे आजीचा आवाज होता. सहा वर्षांपूर्वी आजी-आजोबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी इथे आले होते. रोज रात्री आजी मला गोष्ट सांगायची आणि बाबांनी लावून दिलेल्या मायक्रोफोनवर आम्ही ती रेकॉर्ड करायचो. गोष्टी, गाणी, आणि थालीपिठाची भाजणी कशी करायची तेसुद्धा. एकूण तेवीस फाइली. मागच्या वर्षी आजी गेली. त्या फाइलींची दुसरी प्रत कुणीच केली नव्हती. सगळ्यांना वाटायचं, "संगणकात आहे ना! मग झालं."

या उन्हाळ्यात आजोबा एकटेच आले होते. ते खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. त्यांनी विचारलं, "अगं, तो आवाज कसला येतोय? टकटक?"

"माहीत नाही, आजोबा. हार्ड डिस्कचा असेल."

"आणि तुझ्या आजीचं सगळं कशात आहे?"

"हार्ड डिस्कमध्येच."

आजोबा उठून उभे राहिले. "मग आधी तो बंद कर," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

भाग २ : आधी प्रवासी उतरवा

माझे आजोबा एसटीत मेकॅनिक होते. पुण्याजवळ दापोडीला एसटीचं मोठं वर्कशॉप आहे, तिथे त्यांनी एकतीस वर्षं काम केलं. संगणकातलं त्यांना फारसं कळत नाही. पण बिघाडातलं कळतं.

ते म्हणाले, "बस रस्त्यात बंद पडली, धूर येतोय असं दिसलं, तर आम्ही पहिल्यांदा काय करायचो, सांग."

"बोनेट उघडून बघायचात?"

"नाही. आधी प्रवासी उतरवायचे. मग बोनेट. इंजिन नवं मिळतं, बाळ. माणसं मिळत नाहीत."

मग मला कळलं. आमचे प्रवासी म्हणजे त्या तेवीस फाइली.

संगणक चालू करून फाइली काढाव्यात, तर तो मध्येच बंद पडायचा. म्हणून बाबांनी वेगळा मार्ग शोधला. त्यांनी प्लग काढला, बाजूची झाकणपट्टी उघडली आणि हार्ड डिस्क बाहेर काढली. एक अडॅप्टर आणून ती स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. ही डिस्क मोठी, म्हणजे साडेतीन इंची असते. तिला यूएसबीची वीज पुरत नाही, म्हणून त्या अडॅप्टरला वेगळी वायर भिंतीत लावावी लागते.

बाबा सगळी डिस्क एकदम कॉपी करायला निघाले होते. आजोबा म्हणाले, "थांब. म्हातारी गाडी आहे. आधी ज्यांना वाचवायलाच हवं, ते काढ. बाकीचं नंतर."

म्हणून आधी आजीचं फोल्डर. एक, दोन, तीन... फाइली येत होत्या. आम्ही सगळे स्क्रीनकडे बघत उभे होतो. अठराव्या फाइलीला सगळं अडकलं. डिस्क जोरात टकटक करायला लागली. बाबा परत परत प्रयत्न करायला लागले.

"सोड तिला," आजोबा म्हणाले. "एकाला ओढत बसलास तर मागचे सगळे राहतील. तिला शेवटी बघू."

बाबांनी ती फाइल सोडली आणि पुढच्या पाच काढल्या. मग घरातले फोटो काढले. अगदी शेवटी अठरावी फाइल. डिस्कचा खराब झालेला भाग सोडून बाकीचं उचलणारा एक प्रोग्राम असतो, तो त्यांनी वापरला. अर्धा तास लागला.

फाइल उघडली. आजी बोलायला लागली. भाजणीचीच फाइल होती ती. "दोन वाट्या ज्वारी, दोन वाट्या बाजरी, एक वाटी तांदूळ, एक वाटी हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी उडदाची डाळ. आणि धने..."

मग शांतता. दहा-बारा सेकंद काहीच नाही. आणि परत आजीचा आवाज : "...सगळं वेगवेगळं भाजायचं हं, एकत्र नाही. मंद आचेवर."

आईनं डोळे पुसले. आजोबा म्हणाले, "तेवीसच्या तेवीस उतरले. एकाला थोडं लागलंय, इतकंच. आता बोनेट उघडा."

चौकट : हार्ड डिस्क टकटक का करते?

जुन्या प्रकारच्या हार्ड डिस्कमध्ये गोल चकत्या वेगाने फिरत असतात. घरगुती संगणकात त्या साधारणपणे मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. चकतीच्या अगदी जवळून एक बारीक टोक सरकते आणि माहिती वाचते. ते टोक चकतीला टेकत नाही. टोकाला योग्य जागा सापडली नाही, तर ते मागे येऊन पुन्हा प्रयत्न करते. हाच तो टकटक आवाज. असा आवाज आला की डिस्क कमीत कमी वापरावी आणि महत्त्वाच्या फाइली आधी वाचवाव्यात. एसएसडी या नव्या प्रकारात फिरणारा भागच नसतो, त्यामुळे ती आवाज करत नाही. मात्र तीही न सांगता बिघडू शकते. म्हणून प्रत दोन्हींची करावी.

भाग ३ : ड्रायव्हरला विचारा

डिस्क परत संगणकात बसवली. आता तिच्यात एकमेव असं काहीच उरलं नव्हतं, त्यामुळे भीती नव्हती. मला वाटलं, आजोबा आता स्क्रू काढायला लागतील. पण त्यांनी एक वही मागितली.

"वर्कशॉपला गाडी आली की आम्ही आधी ड्रायव्हरला विचारायचो. कधी बंद पडते? सकाळी की दुपारी? चढावर की सपाटीवर? पाऊस होता का? अर्धा बिघाड तिथेच सापडतो. एक आठवडा तू लिहून ठेव."

मी लिहिलेली नोंद अशी होती :

सोमवार, दुपारी ४. दादा गेम खेळत होता. एकदम बंद. कुठलाही संदेश नाही. लगेच चालू केला, पाच मिनिटांत परत बंद.

मंगळवार, सकाळी ८. मी मराठी शाळेचा गृहपाठ करत होते. निळी स्क्रीन. संदेशात मेमरी हा शब्द होता.

बुधवार, दुपारी ५. दादाचा गेम. एकदम बंद. अर्ध्या तासानं चालू केला तर नीट चालला.

गुरुवार, सकाळी ९. रात्री विजा चमकत होत्या, म्हणून बाबांनी प्लग काढून ठेवला होता. सकाळी तारीख : १ जानेवारी २०१३! लायब्ररीची वेबसाइट उघडेना. "ही साइट सुरक्षित नाही" असं दिसत होतं.

शुक्रवार, सकाळी ९. आई ईमेल वाचत होती. निळी स्क्रीन. या वेळी संदेश वेगळाच.

शनिवार, दुपारी ४. आईनं फक्त ईमेल पाहिली. काही झालं नाही.

आजोबांनी चश्मा लावून वही वाचली. इंग्रजी संदेश मी त्यांना मराठीत सांगितले. मग ते हसले.

"आपण सगळे म्हणत होतो, संगणकाला काहीतरी झालंय. 'काहीतरी' नाही. एक बिघाड नाहीच हा. तीन आहेत. आणि डिस्क वेगळीच."

"तीन? कसे?"

"तूच बघ. एकदम बंद कधी होतो?"

मी परत वाचलं. "दुपारी... दादा गेम खेळताना."

"निळा पडदा?"

"कधीही. सकाळीसुद्धा. साधं काम करतानासुद्धा."

"आणि तारीख?"

"फक्त प्लग काढून ठेवला तेव्हा!"

हे सगळं माझ्याच वहीत होतं. पण आजोबांनी विचारेपर्यंत मला दिसलं नव्हतं.

भाग ४ : खंबाटकीचा चढ

पहिला बिघाड आजोबांनी लगेच ओळखला.

"पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट लागतो. काही गाड्या सपाटीवर मस्त चालायच्या आणि खंबाटकीला तापायच्या. का? रेडिएटरमध्ये माती भरलेली असायची. सपाटीवर इंजिनाला जोर लागत नाही. चढावर लागतो. दादाचा गेम म्हणजे या संगणकाचा खंबाटकी घाट."

आणि दुपारी आमच्या वरच्या मजल्यावर खूप उकडतं. एसी चालू असला तरी खालच्यापेक्षा गरमच. म्हणून शनिवारी ईमेल वाचताना काही झालं नाही : दुपार होती, पण चढ नव्हता.

"पण संगणकाला रेडिएटर कुठे असतो?" मी विचारलं.

आम्ही झाकण उघडलं. आजोबांनी बॅटरी पाडली. मधोमध एक पंखा होता आणि त्याच्याखाली पातळ धातूच्या पट्ट्या, एकाशेजारी एक. इंग्रजीत त्याला हीटसिंक म्हणतात. पट्ट्यांच्या मध्ये धूळ इतकी होती, की करड्या रंगाची घोंगडीच पांघरल्यासारखं दिसत होतं.

"हा काय रेडिएटर!" आजोबा म्हणाले.

आम्ही संगणक गॅरेजमध्ये नेला. बाबांनी हवेचा डबा आणला होता. तो सरळ धरायचा, उलटा नाही, नाहीतर त्यातून गार द्रव बाहेर येतो. पंख्याची पाती मी बोटानं धरून ठेवली. हवेच्या जोरानं पंखा गरगर फिरला तर तो बिघडू शकतो. इतकी धूळ उडाली, की आम्ही तिघंही शिंकत होतो.

दुसरा बिघाड त्याहून सोपा निघाला. मदरबोर्डवर निकेलच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो. सीआर २०३२ असं त्याचं नाव. प्लग लावलेला असतो तोवर घड्याळाला भिंतीतली वीज मिळते. प्लग काढला की घड्याळ त्या सेलवर चालतं. आमचा सेल संपला होता. म्हणून वादळाच्या रात्रीनंतर संगणक थेट २०१३ मध्ये गेला! आणि तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइटसुद्धा उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं.

सेल अवघ्या काही डॉलरचा. बदलला, तारीख लावली, झालं.

संध्याकाळी दादानं मुद्दाम दोन तास गेम खेळला. संगणक बंद पडला नाही. दादा म्हणाला, "टेस्टिंग चालू आहे!" आणि तिसऱ्या तासालाही उठला नाही.

चौकट : संगणक स्वतःहून बंद का होतो?

प्रोसेसर खूप तापला, तर तो आधी आपला वेग कमी करतो. तरीही तापमान वाढत राहिले, साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, की संगणक स्वतःला वाचवण्यासाठी एकदम बंद होतो. निळी स्क्रीन दाखवायलाही तो थांबत नाही. लगेच पुन्हा चालू केला, तर आतील भाग अजून गरम असल्यामुळे तो पुन्हा बंद होतो. थोडा वेळ थांबल्यास नीट चालतो. ही उष्णतेच्या बिघाडाची मोठी खूण आहे.

भाग ५ : एका वेळी एकच

निळी स्क्रीन मात्र परत आली. सोमवारी सकाळी, साडेआठला.

"आता रॅम तपासू," बाबा म्हणाले. रॅम म्हणजे संगणकाची कामापुरती आठवण. आमच्या संगणकात रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. बिघडलेल्या रॅमची एक गंमत असते : प्रत्येक वेळी संदेश वेगळा येतो. कारण त्या खराब जागेत त्या वेळी जे काही ठेवलेलं असेल, तेच बिघडतं.

विंडोजमध्येच मेमरी तपासायची एक चाचणी असते. ती रात्री लावून आम्ही झोपलो. सकाळी स्क्रीनवर लिहिलं होतं : दोष सापडला.

बाबा म्हणाले, "दोन्ही पट्ट्या बदलून टाकू."

आजोबा म्हणाले, "का? दोन टायर आहेत, एक पंक्चर आहे. दोन्ही कशाला फेकतोस? आणि कदाचित टायर चांगला असेल, चाकातच दोष असेल."

मग आम्ही ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पट्ट्यांना मी अ आणि ब अशी नावं दिली. खाचांना पहिली आणि दुसरी.

आधी आजोबांच्या सांगण्यावरून दोन्ही पट्ट्या काढून त्यांची सोनेरी टोकं खोडरबरानं हलकेच पुसली. पुण्यात त्यांच्या ओळखीचा एक संगणक दुरुस्त करणारा असंच करायचा. रबराचा भुगा नीट झटकला. पट्ट्या परत बसवल्या. चाचणी केली. अजून दोष.

मग फक्त अ पट्टी, पहिल्या खाचेत : दोष.
फक्त ब पट्टी, पहिल्या खाचेत : दोष नाही.
फक्त ब पट्टी, दुसऱ्या खाचेत : दोष नाही.

"आता सांग," आजोबा म्हणाले.

मी विचार केला. "ब दोन्ही खाचांत नीट चालली. म्हणजे खाचा चांगल्या आहेत आणि ब चांगली आहे. अ पट्टी खराब आहे."

"शाब्बास! तुला दापोडीला नोकरी मिळेल."

एक पट्टी काढून टाकल्यावर संगणक थोडा हळू झाला. पण निळी स्क्रीन परत आली नाही. पंधरा दिवसांनी आम्ही तसलीच एक पट्टी आणली.

टकटक करणाऱ्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. विंडोज दहाचं अद्ययावत करणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं, म्हणून बाबांनी त्यावर लिनक्स टाकलं. ते जुन्या संगणकावरही चालतं, फुकट मिळतं आणि त्यात देवनागरी टाइप करता येतं. आता आजोबा रोज सकाळी त्यावर मराठी वर्तमानपत्र वाचतात आणि मोठ्या अक्षरांत आत्याला पत्र लिहितात.

चौकट : सावधान!

• संगणक उघडताना घरातील मोठे माणूस सोबत हवेच.
• आधी संगणक बंद करा, प्लग काढा आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा.
• आत हात घालण्यापूर्वी संगणकाच्या धातूच्या भागाला स्पर्श करा. आपल्या अंगावरील स्थिर विजेमुळे आतील भाग बिघडू शकतो.
• वीज पुरवणारा बंद धातूचा डबा कधीही उघडू नका. प्लग काढल्यानंतरही त्यात काही काळ धोकादायक वीज साठलेली असते.
• भारतात घरातील वीज २३० व्होल्टची असते, अमेरिकेत १२० व्होल्टची. काही जुन्या संगणकांच्या मागे त्यासाठी छोटा लाल खटका असतो. तो उगाच हलवू नका.
• जे बदलले, ते वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

भाग ६ : कोणाची मूठ?

राहिलं ते दहा-बारा सेकंदांचं. आजीनं धने किती सांगितले होते?

"आजोबा, तुम्हाला आठवतं?"

"मी फक्त थालीपीठ खायचो," आजोबा म्हणाले. मग हळूच म्हणाले, "विचारायला हवं होतं."

आम्ही पुण्याला आत्याला फोन लावला. आमची रात्र होती, तिची सकाळ.

"धने?" आत्या म्हणाली. "अगं, आई धने वाटीनं कधीच घ्यायची नाही. मुठीनं घ्यायची. दोन मुठी. आणि जिरं एक लहान मूठ."

"पण आत्या, कोणाची मूठ?"

आत्या एकदम गप्प झाली. मग हसली. "आईची मूठ अगदी लहान होती. तुझ्याएवढीच असेल आता."

दुसऱ्या दिवशी आईनं धान्यं वेगवेगळी भाजली, मंद आचेवर. धने मी घातले. दोन मुठी. थालीपीठ झालं. आजोबांनी पहिला घास खाल्ला. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो.

"थोडे कमी पडले," ते म्हणाले. "पुढच्या वेळी अडीच घाल."

मी ते वहीत लिहिलं. रॅमच्या नोंदीच्या खाली.

आता आजीच्या फाइलींच्या तीन प्रती आहेत. एक संगणकात, एक कपाटातल्या सुट्या डिस्कवर, आणि एक पुण्याला आत्याकडे. आणि चोविसावी फाइलसुद्धा आहे. तिच्यात आत्या धन्यांचं माप सांगते, मी "कोणाची मूठ?" असं विचारते, आणि मागे आजोबा खोकतात.

जाणून घ्या

• 'बग' हा शब्द इंजिनिअर पूर्वीपासून बिघाडासाठी वापरत होते. पण ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड मार्क २ या संगणकात खराखुरा पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो आपल्या नोंदवहीत चिकटवून ठेवला. ती वही आज स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. नोंद ठेवण्याची सवय किती जुनी आहे, पाहा.
• प्लेनोच्या शेजारी, डॅलसमध्ये, टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत जॅक किल्बी यांनी १२ सप्टेंबर १९५८ रोजी पहिली इंटिग्रेटेड सर्किट चालवून दाखवली. आजच्या प्रत्येक संगणकाची चिप ही तिची वंशज आहे. या कामासाठी त्यांना २००० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.
• भारताचा परम ८००० हा महासंगणक १९९१ साली पुण्यातील सी-डॅक या संस्थेत तयार झाला. त्या कामाचे नेतृत्व डॉ. विजय भटकर यांनी केले.
• एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. अहमदनगरचे नाव आता अहिल्यानगर आहे.

भाषेची गंमत : 'बंद'ची चार रूपं

बंद पडणे – बिघाडामुळे, आपोआप. "गाडी घाटात बंद पडली."
बंद होणे – थांबणे, मिटणे. "दुकान नऊला बंद होतं."
बंद करणे – कोणीतरी मुद्दाम. "आजोबांनी संगणक बंद करायला लावला."
बंद ठेवणे – काही काळ चालू न करणे. "वादळात टीव्ही बंद ठेव."

"संगणक बंद केला" आणि "संगणक बंद पडला" यांत काय फरक आहे? पहिल्यात कोणीतरी ते केलं. दुसऱ्यात कोणाचाच दोष नाही. एखादी वस्तू तुमच्या हातात असताना बिघडली, तर कोणतं वाक्य वापराल?

स्वाध्याय

अ. एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. आजोबा कुठे काम करत होते?
२. 'प्रवासी' म्हणजे या गोष्टीत काय?
३. तारीख कोणत्या दिवशी चुकली? त्याच्या आदल्या रात्री काय झालं होतं?
४. अठरावी फाइल बाबांनी आधी का सोडून दिली?

आ. जोड्या लावा.
१. गेम खेळताना एकदम बंद पडणे – (क) संपलेला सेल
२. दर वेळी वेगळा संदेश असलेली निळी स्क्रीन – (ख) धुळीनं भरलेला हीटसिंक
३. प्लग काढल्यावर तारीख चुकणे – (ग) म्हातारी हार्ड डिस्क
४. टकटक आवाज – (घ) खराब रॅम

इ. विचार करून सांगा.
१. समजा ब पट्टी पहिल्या खाचेत नीट चालली, पण दुसऱ्या खाचेत दोष दिसला असता. मग बिघाड कशात असता?
२. शनिवारी दुपारी संगणक बंद पडला नाही. ही नोंद का महत्त्वाची होती?
३. आजोबा म्हणाले, "विचारायला हवं होतं." त्यांना काय म्हणायचं होतं?

ई. बोलीतली वाक्यं लेखी मराठीत लिहा. उदाहरण : आजी बोलायला लागली, आणि सगळं घर शांत झालं. – आजी बोलू लागली आणि सगळे घर शांत झाले.
१. आम्ही झाकण उघडलं.
२. त्यांनी ती वही मागितली आणि सगळं वाचलं.
३. मला ते आधी दिसलं नव्हतं.

उ. आवाजाचे शब्द : टकटक, घरघर, खडखड, सळसळ. प्रत्येक शब्द वापरून एक वाक्य लिहा.

घरी करून पाहा

या आठवड्यात आजी, आजोबा, मावशी, काका, कोणालाही फोन करा. त्यांना एक पदार्थ, एक गोष्ट किंवा त्यांच्या कामातली एक आठवण विचारा आणि त्यांना सांगून ती रेकॉर्ड करा. माप मुठीचं असेल, तर "कोणाची मूठ?" हे विचारायला विसरू नका. मग त्या फाइलीच्या तीन प्रती करा. त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. पुढच्या रविवारी वर्गात सगळ्यांना ऐकवा.